हात मिळवायला लावून छळ मिटत नाही

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावातल्या आईचा प्रश्न आहे. मुलगा गावच्या सरकारी मराठी शाळेतून सातवी पास होऊन यंदा बेळगावातल्या मोठ्या हायस्कुलात आठवीला गेला. दोन महिन्यांपासून वर्गातली चार मुलं त्याच्या बोलण्याची नक्कल करतात, डबा काढून घेतात. बसमध्ये दुसरी मुलं त्याच्या कन्नडवरून त्याला घेरतात. तो रडत असतानाचा व्हिडिओ वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला. शाळेत सांगितल्यावर दोन्हीकडच्या मुलांना ऑफिसात बोलावून हात मिळवायला लावले आणि प्रकरण मिटलं म्हणून सांगितलं. त्यानंतर त्रास वाढला. नवरा म्हणतो, त्याला सांग एक ठेवून दे. दीर म्हणतो, गावातली पोरं घेऊन शाळेवर जाऊ. आई विचारते, शाळाच बदलावी का?

ताई, मी ३१ वर्षं बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या हायस्कुलांत शिकवलं. त्यातली शेवटची ११ वर्षं मुख्याध्यापिका होते. तुम्ही लिहिलेली एकही गोष्ट मला नवी नाही, ते हात मिळवायला लावणंसुद्धा. मीही ते सुरुवातीची कितीतरी वर्षं केलं आहे, म्हणून आधी त्याबद्दलच सांगते.

एका मुलाच्या दप्तरात रोज कुणीतरी पाणी ओतायचं. कोण ते कळल्यावर मी दोन्ही मुलांना आणि दोघांच्या वडिलांना एकाच वेळी बोलावलं. पाणी ओतणाऱ्या मुलाच्या वडिलांनी माझ्या टेबलासमोरच त्याच्या कानाखाली वाजवली. मग दोघांनी हात मिळवले, मोठ्यांनी चहा घेतला, सगळे गेले. मला वाटलं, झालं काम. दुसऱ्या दिवसापासून शाळेत यायचा बंद झाला तो ज्याचं दप्तर भिजत होतं तो मुलगा. त्या थपडेचं व्याज कुणाकडून वसूल होणार, हे त्याला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर मी अशा प्रकरणात दोन बाजूंना कधीही समोरासमोर बसवलं नाही.

समेट होतो तो बरोबरीच्या दोघांत. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी या विषयावर आयुष्यभर काम केलं. १९८२ मध्ये तिकडं छळाला कंटाळून तीन मुलांनी जीव दिला आणि पुढच्या वर्षी सरकारनं देशभर शाळांतून मोहीम काढली, तिच्या मागं त्यांचं काम होतं. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा मी शिक्षकांना नेहमी सांगत आले: मुद्दाम केलेलं असतं, पुन्हा पुन्हा होतं, आणि सोसणाऱ्याला स्वतःचा बचाव करणं अवघड जातं. भांडणात आज हा वर, उद्या तो वर. छळात कोण वर, कोण खाली हे रोज तेच असतं. तुमच्या मुलाच्या बाबतीत तिन्ही खुणा दिसतात. तेव्हा शाळेनं ‘दोघांचं भांडण’ म्हणून जे हाताळलं, ते मुळात भांडण नव्हतंच.

आता तुमच्या दिरांच्या म्हणण्याकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. गावातली पोरं शाळेवर गेली की अर्ध्या तासात हा प्रश्न तुमच्या मुलाचा राहत नाही. तो मराठी-कन्नडचा होतो. आपल्या भागात तो व्हायला किती वेळ लागतो हे तुम्हाला मी सांगायला नको. १ नोव्हेंबरला इकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि इकडंच, बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणणाऱ्यांचा काळा दिन, हे १९५६ पासून मुलं पिढ्यान्‌पिढ्या बघत आली आहेत. त्या आठवड्यात मी दरवर्षी दोन शिक्षकांना शाळा सुटताना बस स्टॉपवर उभं करायची. एरवी एकत्र गोट्या खेळणारी पोरं त्या चार दिवसांत एकमेकांना ‘तू कुणाचा?’ विचारायला लागतात.

पण तुमचंच लिहिलेलं पुन्हा वाचा. वर्गात त्याची नक्कल करणारी मुलं मराठी आहेत. ती त्याच्या मराठीला हसतात. जांबोटी-कणकुंबीकडच्या मुलांच्या मराठीत कोकणीची लय असते, शहरातल्या मुलांना ती गावठी वाटते. बसमध्ये तोच मुलगा कन्नड बोलायला जातो, मोठ्या माणसाला ‘नीवु’ म्हणायच्या जागी ‘नीनु’ म्हणून जातो आणि तिथं वेगळी मुलं हसतात. एकाच मुलाला एका ठिकाणी त्याच्या मराठीवरून, दुसऱ्या ठिकाणी कन्नडवरून छळलं जातंय. माझ्या शाळेत एक कन्नड घरातली मुलगी मराठी माध्यमात होती. कन्नडात निर्जीव वस्तूंना आपल्यासारखं तो-ती-ते नसतं, त्यामुळं ती ‘तो वही’, ‘ती पुस्तक’ म्हणायची. तिला आमच्या मराठी मुलींनी वर्षभर बोलू दिलं नाही. ती वर्गात तोंडच उघडेना. छळणाऱ्याला निमित्त लागतं. आमच्याकडं भाषा हे सगळ्यात हाताशी असलेलं निमित्त आहे, एवढंच. दिरांना सांगा, तुमची माया कळते, पण तुम्ही येऊन गेल्यावर सोमवारी तो एकटाच बसमध्ये चढणार आहे.

नवऱ्याच्या ‘एक ठेवून दे’बद्दलही तसंच. ते चार आहेत, हा एक. त्यांनी दिलेला पहिला फटका कुणी बघत नाही, यानं दिलेला दुसरा फटका नेमका सरांना दिसतो आणि रजिस्टरमध्ये नाव याचं लागतं. शिवाय हातानं नाही जमलं तर तो स्वतःच्याच नजरेत दुसऱ्यांदा हरतो: शाळेत एकदा, घरी बापासमोर एकदा. हे दुसरं हरणं मुलं कुणालाच सांगत नाहीत.

मग घरी काय करायचं? रात्री दिवा मालवल्यावर, किंवा शेतावर जाताना, किंवा भांडी घासताना बोला. समोर बसवून डोळ्यांत बघून विचारलं की मुलगे गप्प होतात. ‘तू काय केलं होतंस?’ आणि ‘आधी का नाही सांगितलंस?’ हे दोन प्रश्न गिळून टाका. त्याऐवजी ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा आणि मग विचारा: कुठं होतं? किती वाजता? कोण करतं, आणि कोण नुसतं बघत उभं असतं? शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे, पुढं सांगते. त्याचे शब्द त्याच्याच बोलीत एका वहीत तारीख घालून लिहा. ‘बसमध्ये त्रास होतो’ असं लिहून शाळेला काही करता येत नाही. ‘मंगळवारी सीबीटी बसस्थानकावर उतरताना मागनं टोपी उडवली, तिघं हसले’ असं लिहिलं की करता येतं.

तो ‘शाळेत सांगू नको’ म्हणेलच. त्याला वचन देऊ नका की सांगणार नाही. वचन द्या की तुझ्या पाठीमागं काही करणार नाही, जाण्याआधी काय बोलणार ते तुला सांगून जाईन.

मुलगा बोलतच नसेल तर बघायच्या काही खुणा. त्या तुमच्यासाठी नाहीत, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या आईबापांना लागतील. घरी आल्या आल्या दप्तर टाकून थेट लघवीला धावणारं मूल. शाळेतल्या मुताऱ्यांत त्याला कुणीतरी गाठतं म्हणून ते दिवसभर दाबून धरतं, पाणीही पीत नाही. मुलींमध्ये तर ही खूण मी पहिल्यांदा बघायची. डबा रिकामा, पण पोरगं भुकेनं कासावीस. रोजची बस सोडून आधीची किंवा नंतरची धरायचा हट्ट. वहीचं मागचं पान फाडलेलं. सोमवारी पोटात दुखणं, शनिवारी दुपारी एकदम बरं. आणि ज्याच्या बोलण्यात पूर्वी मित्रांची नावं यायची त्याच्या बोलण्यातनं नावंच गायब होणं.

आठवीतच हे जास्त का दिसतं, तेही सांगते. आपल्या खेड्यांतल्या बहुतेक मराठी शाळा सातवीपर्यंत. तिथं आठ-दहा मुलांचा वर्ग, बाई गावच्या सगळ्यांना ओळखतात, शाळा घरासमोर. जूनमध्ये तेच मूल पास काढून बसनं तालुक्याला किंवा बेळगावला येतं. साठ मुलांचा वर्ग, प्रत्येक विषयाला वेगळे सर, आणि शहरातल्या मुलांचे गट आधीच पहिलीपासून बांधलेले. नवं मूल कोणत्या गटात नाही हे पहिल्या आठवड्यात सगळ्या वर्गाला कळतं. म्हणून मी जूनचा पहिला महिना आठवीला बाकावरची जागा मुलांना निवडू देत नसे. खेड्यातली दोन मुलं शेजारी आणि त्यांच्यामागं एक शहरातला शांत स्वभावाचा मुलगा, अशी मीच बसवायची. एवढ्यानंही फरक पडायचा. हे कोणतीही शाळा उद्यापासून, एक पैसा खर्च न करता करू शकते.

शाळेत जाताना तुम्ही आणि नवरा, दोघंच जा. आधी वर्गशिक्षकांना भेटा, मग मुख्याध्यापकांना. मागच्या वेळी तोंडी सांगितलंत, या वेळी अर्ज द्या. अर्ध्या पानाचा, तारखांसह, त्याच वहीतून उतरवलेला. दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या. मराठी माध्यमाच्या शाळेत अर्ज मराठीत चालतो. पुढं क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांकडं, म्हणजे बीईओ ऑफिसला जायची वेळ आली तर सोबत कन्नड प्रत जोडा, काम लवकर हलतं. शेजारच्या कन्नड शाळेतल्या एखाद्या शिक्षकांना विचारा, अशा कामाला कुणी नाही म्हणत नाही, हा माझा अनुभव आहे. सरकारी शाळा असेल तर एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या अध्यक्षांनाही एक प्रत द्या. त्यात पालकच असतात.

‘त्या मुलांना काढून टाका’ असं पहिल्याच भेटीत मागू नका. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर माफी मागायला लावा, असंही नको. ती माफी त्या थपडेसारखीच असते. मागा ते असं: बाक बदलायचा तर त्या चौघांचा बदला, माझ्या मुलाचा नको. डबा खाताना आणि शाळा सुटताना त्या जागी एक मोठं माणूस असू द्या. त्याला काही झालं तर थेट ज्यांच्याकडं जाता येईल असे एक सर किंवा बाई नेमून द्या, त्यालाही ते नाव सांगा. आणि पंधरा दिवसांनी आपण पुन्हा कधी भेटायचं ती तारीख आत्ताच लिहा. तारखेवाचून दिलेलं आश्वासन शाळेत हवेत विरतं. वाईट हेतूनं नव्हे. जनगणना, निवडणूक, गुणांची ऑनलाइन नोंद, रिकाम्या जागा आणि अतिथी शिक्षकांवर चाललेले वर्ग यांत ते खरंच राहून जातं.

त्या मुलांच्या आईबापांना गेटवर किंवा फोनवर गाठू नका. आपलं मूल असं वागतं हे ऐकून पहिल्या क्षणी कुणीही मान्य करत नाही. तुम्हीही केलं नसतं. ते काम शाळेचं.

आता शाळांना, म्हणजे माझ्याच लोकांना. मी कार्यशाळांत हे फार वेळा बोलले आहे, पुन्हा बोलते. छळ दोघांत होत नाही, घोळक्यात होतो. फिनलंडच्या क्रिस्टिना सालमिवाल्ली यांनी १९९६ मध्ये वर्गातल्या मुलांच्या भूमिका तपासल्या. एक पुढाकार घेणारा, एक-दोन हाताखालचे, काही हसून उत्तेजन देणारे, बरेचसे बाजूला उभे राहणारे आणि थोडे सोसणाऱ्याची बाजू घेणारे. ‘किवा’ नावाचा त्यांचा शालेय कार्यक्रम याच अभ्यासावर उभा आहे. कॅनडात खेळाच्या मैदानावर कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात दिसलं की दुसऱ्या मुलांनी मध्ये पडलं तर निम्म्याहून अधिक वेळा छळ थांबतो. पण मध्ये पडणारी मुलं फार थोडी. म्हणून मी चौकशीची सुरुवात त्रास देणाऱ्यापासून करतच नसे. नुसतं बघत उभे राहणाऱ्यांना एकेकाला बोलवायची, कुठल्यातरी कामाच्या निमित्तानं. ‘तुला काय दिसलं?’ एवढंच. बहुतेक मुलांच्या मनाला ते लागलेलं असतं. एक मुलगी मला म्हणाली होती, “बाई, मी हसत नव्हते, पण तोंड तसं झालं होतं.” तिला मी म्हटलं, उद्या तू फक्त तिचा हात धरून तिला पाणी प्यायला घेऊन जा, दुसरं काही नको. तिनं नेलं. दोन दिवसांनी आणखी एक तिच्याबरोबर गेली.

मग हाताखालचे, एकेकटे. पुढारी सगळ्यात शेवटी, तोवर त्याच्यामागचा घोळका पातळ झालेला असतो. त्याच्याशी बोलताना कुणी नाव सांगितलं हे बाहेर पडता कामा नये. त्याला मारायचं नाही, उभं करायचं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमानं ते बंद आहेच, आणि मारानं तो एवढंच शिकतो की ज्याच्या हातात ताकद त्यानं वापरायची असते. त्याला स्पष्ट सांगायचं: हे चुकीचं आहे, आजपासून बंद, आणि मी रोज बघणार आहे. घेतलेला डबा, फाडलेली वही, जे काही असेल ते भरून द्यायचं. मग त्याच्या घरची चौकशी करायची. दप्तरात पाणी ओतणाऱ्या त्या मुलाची थप्पड मला आधी समजायला हवी होती. बाप ती पहिल्यांदा मारत नव्हता.

जागांचंही सांगते. एका वर्षी मी आठवी-नववीच्या मुलांना शाळेचा नकाशा काढायला लावला आणि सांगितलं, नाव न लिहिता, जिथं भीती वाटते तिथं लाल फुली मारा. मला वाटलं होतं मैदानावर फुल्या येतील. त्या आल्या मुताऱ्यांच्या मागं, सायकल स्टँडला, जिन्याच्या वळणावर आणि अक्षरदासोहचं, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण झाल्यावर ताटं धुवायच्या नळांवर. चारही ठिकाणी त्या वेळेला आम्ही शिक्षक कधीच नसायचो, स्टाफरूममध्ये डबे खात असायचो. दुसऱ्या दिवसापासून दोघांनी डबा नळांजवळच्या कट्ट्यावर खायचा असं ठरवलं. सहा शिक्षकांच्या शाळेतसुद्धा हे जमलं.

आणि शिक्षकांची जीभ. सर एखाद्याला ‘ए घाटकरा’, ‘ए काळ्या’ म्हणून हाक मारतात, वर्ग हसतो, सरांच्या मनात काहीही वाईट नसतं. पण त्या तासाला वर्गाला परवाना मिळालेला असतो. तुमच्या मुलाच्या बोलण्याची नक्कल पहिल्यांदा कुणी केली, हे त्याला हळूच विचारून बघा.

त्या व्हिडिओचं असं करा. ग्रुपचं नाव आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा. स्वतः कुणालाही पुढं पाठवू नका, दिरांनाही नाही. शाळेला सांगून तो प्रत्येकाच्या फोनमधून काढायला लावा. रागाच्या भरात त्या मुलांची नावं-फोटो फेसबुकवर टाकाल तर कायद्याच्या कचाट्यात तुम्हीच याल, कारण तीही अल्पवयीन आहेत.

काही गोष्टींना मात्र ‘शाळेच्या पातळीवर बघू’ हे उत्तर चालत नाही. कपडे काढायला लावणं, मुतारीत चित्रण, अंगाला नको तिथं हात लावणं हे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात येतं. त्याच्या १९व्या कलमाप्रमाणं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांनी मिटवामिटवी केली तर तो त्यांचाच गुन्हा होतो. जातीवरून घातलेली शिवी ‘चिडवणं’ म्हणून नोंदवू नका, जशीच्या तशी लिहा. कर्नाटक शिक्षण कायदा १९८३ रॅगिंगच्या व्याख्येत विद्यार्थ्याला हास्यास्पद करणंही धरतो, तेव्हा ‘पोरांची मस्करी’ म्हणून कुणी हात झटकत असेल तर त्यांना याची आठवण द्या. मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक १०९८, तातडीला ११२.

आणि मुलगा जर म्हणाला की ‘मी नसतो तर बरं’, किंवा हातावर ब्लेडच्या खुणा दिसल्या, तर अर्ज-तारखा सगळं बाजूला. त्याला एकटं सोडू नका. त्याच दिवशी १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदत-फोनला फोन करा, दिवसरात्र चालू असतो. बेळगावला बिम्सच्या सरकारी दवाखान्यात न्या, धारवाडची डिमहान्स तर मनाच्या आजारांच्याच कामाची संस्था आहे. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून थांबलेलं एक घर मी पाहिलं आहे. त्याबद्दल इथं लिहवत नाही.

तुमचा मूळ प्रश्न, शाळा बदलावी का? लगेच नको. दुसऱ्या भागात शाळा बदलणं म्हणजे फक्त शाळा बदलणं. आपल्याकडं जवळ दुसरं मराठी हायस्कूल नसेल तर त्याच्याबरोबर माध्यमही बदलतं, आणि दोन वर्षांवर एसएसएलसी, म्हणजे दहावीची परीक्षा आहे. शिवाय जाणार तो, राहणार ते, हे वर्गातली सगळी मुलं बघतात. वर सांगितलेलं सगळं लेखी मागून दोन महिने गेले, ठरलेल्या तारखांना शाळेनं दाद दिली नाही, किंवा मुलाची झोप-जेवण सुटलं, तर मात्र वर्ष संपायची वाट बघू नका. बीईओ ऑफिसात अर्ज टाका आणि दाखला काढा. ते हरणं नाही.

बसचं काम सोमवारीच करता येईल. नवऱ्याला एक दिवस त्याच बसनं जाऊ द्या. कंडक्टरला नुसतं सांगायचं, आमचा मुलगा आहे, पुढं तुमच्याजवळ उभा राहील, लक्ष असू द्या. रोज तीच बस, तेच लोक असतात. बहुतेक कंडक्टर दुसऱ्या दिवसापासून नावानं हाक मारतात, आणि ते बहुधा कन्नड बोलणारेच असतील. त्यांच्याशी मोडकंतोडकं बोलता बोलता त्याचं ‘नीवु’ही सुधारेल.

रोज संध्याकाळी ‘आज कुणी काही केलं का?’ विचारू नका, त्यानं जखम ओली राहते. ‘आज डबा कुणाबरोबर खाल्लास?’ एवढं विचारा. पहिले कितीतरी दिवस तो ‘एकटाच’ म्हणेल. डब्यात दोन भाकऱ्या जास्त घालत राहा. ज्या दिवशी तो एखादं नाव घेईल, त्या रविवारी त्या मुलाला गावाकडं जेवायला बोलवा.